टाकीतली अळंबी

३ फेब्रुवारी

अळंबी आज उघडली नाही. दिवा लागून किती वेळ झाला, तरी मूठ आवळून बसलीये.

अळंबी म्हणजे कोरल. त्याचं खरं नाव समृद्धीला माहीत, माझ्या तोंडात ते बसत नाही. दिसायला मात्र अस्सल पावसाळी अळंबी — खाली जाड देठ, वर छत्री. छत्रीवर बारीक बारीक बोटं. दिवा लागला की ती बोटं बाहेर काढते आणि पाण्यात हलवत बसते. समृद्धीने बारावीच्या सुट्टीत आणलेली तेव्हा एवढुशी होती, आता माझ्या पंजाला भारी पडेल. पोरगी समुद्राचं शास्त्र शिकायला कोचीला गेली आणि हॉलमधला हा खाऱ्या पाण्याचा डबा माझ्या गळ्यात मारून गेली.

थंडीने असेल. उद्या उघडेल.

४ फेब्रुवारी

नाही उघडली. रंगही उतरलाय. काल तपकिरी होती, आज राखेसारखी.

५ फेब्रुवारी

एक गोगलगाय मेली. वाळूत उलटी पडलेली. चिमट्याने बाहेर काढली — काय तो वास! अगरबत्ती लावली तरी हॉलमधून जाईना.

दोन्ही नारिंगी मासे मात्र टकाटक. मी समोर गेलो की काचेला नाक लावून हजर, जणू दोन दिवसांचे उपाशी. मासे ठीक म्हणजे पाणी ठीक, असं माझं मत. तरी बोट बुडवून जिभेला लावून बघितलं. खारटपणा बरोबर आहे. आमचे आजोबा मिठागरात पाणी चाखून सांगायचे, मीठ कधी धरणार ते. त्यांची जीभ माझ्याकडे आलेली आहे. समृद्धीने मोजायची काचेची नळी दिलीये, तिच्यातही बघितलं. माझी जीभ पास झाली.

समृद्धीला कळवावं का? रविवारी तिचा फोन येतोच. दहा मिनिटांचा. जेवलात का, प्रेशरची गोळी घेतली का, टाकीत पाणी टाकलं का. झालं. मीसुद्धा तेवढंच विचारतो. जेवलीस का, पैसे आहेत का, अभ्यास कसा चाललाय. आमच्यात कामाशिवाय फोन करायची सवयच नाही. नीला होती तेव्हा ती तासन्‌तास बोलायची लेकीशी, मी मागून ओरडायचो, बिल वाढतंय! आता बिलं वाढत नाहीत तर बोलणारी नाही.

रविवारीच सांगू.

८ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, व्हिडिओ लावा." मी फोन टाकीला चिकटवला. "लांब धरा. आणखी लांब. आता वरून दाखवा." स्टुलावर चढून वरून दाखवली.

"कधीपासून अशी आहे?"

"मंगळवारपासून."

"आणि तुम्ही आज सांगताय?"

मी म्हटलं, तुझा फोन रविवारी असतो ना.

मग तिने समजावलं. ही जात मधून मधून कात टाकते. अंगावर मेणासारखी साय धरते, आठवडाभर मिटून बसते, साय निघून गेली की पुन्हा फुलते. तसं असेल तर घाबरायचं कारण नाही. हात लावायचा नाही, जागा बदलायची नाही. पण गोगलगाय मेली हे तिला आवडलं नाही. दोन-तीनदा विचारलं, नक्की मेली? झोपली नव्हती? मी म्हटलं, पोरी, वास घेतलाय मी.

फोन ठेवला तेव्हा डाळ करपलेली. किती वेळ बोललो कुणास ठाऊक.

ठेवताना म्हणाली, "उद्या परत करते."

उद्या सोमवार!

९ फेब्रुवारी

आठ वाजता आला फोन. खरंच आला.

१० फेब्रुवारी

आजही. अळंबी तशीच.

टाकीचं बोलून झालं की दोघंही थांबतो. मग ती काहीतरी काढते. तिकडच्या मेसमध्ये भात जाडा असतो, मोत्यासारखा. मी विचारलं, उकडा? हो म्हणाली. मी सांगितलं की वांग्याची झाडं बाल्कनीत लावलीत आणि त्यांना कबुतरं सुखाने जगू देत नाहीत. हसली. नीलाच्या हसण्याची ठेवण आहे तिची, फोनवर जास्त कळते.

"तिकडे करमतं का गं?" विचारलं.

"हो, मस्त आहे. मैत्रिणी आहेत खूप."

बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, का कोण जाणे.

१२ फेब्रुवारी

दुसरी गोगलगाय मेली.

म्हणजे कात नाही. समृद्धीचा आवाज पडला. म्हणाली, पाण्यात काहीतरी गेलंय. घरात फवारणी केलीत? नाही. कुणी टाकीत हात घातला? घरात आहे कोण हात घालायला? साबण? अत्तर? मी कधी जन्मात अत्तर लावलं नाही, तुझ्या आईने लग्नात लावलं तेवढंच.

सगुणावहिनी दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन आलेली. आमच्या दौलतदादाची बायको. दादा-वहिनी अजून गावठाणातल्या जुन्या घरात राहतात, मी बिल्डरने दिलेल्या फ्लॅटमध्ये. टॉवर आमच्याच शेतावर उभा आहे, पण अकराव्या मजल्यावरून शेत कुठे होतं ते सांगता येत नाही. वहिनी टाकीपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "भावजी, या दगडाची सेवा चाललीय तुमची? एवढी तर दादांनी माझी कधी केली नाय." मी म्हटलं, दगड नाही, जिवंत आहे. म्हणाली, "जिवंत आहे तर एवढा गप का?"

जाताना सांगून गेली, शिमग्याला घरी यायचं, एकट्याने इथे बसायचं नाही.

१३ फेब्रुवारी

मीच ते!

नीट लिहितो. समृद्धी म्हणाली, "बाबा, रोज पाणी कसं टाकता ते दाखवा. सुरुवातीपासून." टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून वरून गोडं पाणी घालायचं, फिल्टरचं. हे मला शिकवावं लागत नाही, मिठागर म्हणजे दुसरं काय. मी ऐटीत फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. हंड्यावरचं झाकण काढलं. तांब्या बुडवला.

"थांबा," म्हणाली. "हे पाणी?"

हो. तांब्याचा हंडा. चिंचेने घासून लख्ख ठेवतो. नीला असताना ती भरायची, आता मी भरतो. रात्री फिल्टरचं पाणी भरून ठेवायचं, सकाळी उपाशीपोटी दोन पेले प्यायचं. माझ्या आईपासून घरात चाललंय, कुणाचं पोट बिघडलं नाही. समृद्धीने टाकीसाठी वेगळा प्लास्टिकचा कॅन ठेवलेला. तो संक्रांतीच्या सुमारास चिरला. दुसरा आणायचा राहिला. आणि मला वाटलं, बरंच झालं, प्लास्टिकमधलं शिळं पाणी त्या बिचारीला कशाला? घरातलं सगळ्यात चांगलं पाणी तिला देऊ. माझ्याआधी तिला एक तांब्या घालायचो.

समृद्धीने डोक्याला हात लावला. म्हणाली, "बाबा, तांबं विष आहे त्यांना. माशांना थोडं चालतं. गोगलगायींना नाही. हिला तर नाहीच नाही."

मी म्हटलं, पण आपल्याला तर चांगलं असतं.

"आपल्याला चांगलं असतं, बाबा."

चिडेल वाटलेलं. चिडली नाही. तेच जास्त लागलं. रोज सकाळी हाताने विष घातलं मी, तेही लाडाने. हॉलमध्ये जाऊन बसवेना. अळंबीकडे बघवेना.

१४ फेब्रुवारी

स्कूटर काढली, कशेळीवरून माणकोलीच्या पुलाने डोंबिवली. तिथे संदेशचं दुकान आहे, समृद्धी सगळं त्याच्याकडूनच घ्यायची. चिवट पोरगा, मान वर न करता बोलतो. "काका, ताईचा मेसेज आलाय, सगळं काढून ठेवलंय." एक गोणी समुद्री मीठ. तांबं ओढून घेणारी पांढरी पिशवी. कोळशाची पिशवी. दोन नवीन कॅन. आणि चोख पाणी, कारण आमच्या सोसायटीत कालपासून टँकर चालू आणि टँकरच्या पाण्याने आमचा फिल्टर नुसता रडतो.

"वाचेल का रे?" विचारलं.

"सांगता येत नाही काका. टाकीतल्या दगडांनी पण तांबं पिऊन ठेवलेलं असतं, ते हळूहळू सोडतात. पाणी बदलत राहा. आणि सारखं तिच्यापुढे बसू नका, काही होत नाही त्याने."

परत येताना पायात मिठाची गोणी. मिठागरवाल्याचा नातू डोंबिवलीहून मीठ विकत आणतोय. आजोबा असते तर मला दारात उभं केलं नसतं.

संध्याकाळी समृद्धी फोनवर आणि मी बादलीपुढे. ती सांगेल तसं करत गेलो. मीठ विरघळेपर्यंत ढवळायचं, थंड होऊ द्यायचं नाही, हळू ओतायचं. टाकीचा चौथा हिस्सा बदलला. कंबर मोडली. हंडा पालथा घालून ओट्याखाली ठेवला. आता मीसुद्धा स्टीलच्या पिंपातलं पितो.

१६ फेब्रुवारी

पुन्हा पाणी बदललं. फरक नाही. छत्री एका बाजूला लोळलीये.

१७ फेब्रुवारी

तसंच.

१९ फेब्रुवारी

समृद्धी म्हणाली, देठ दाबून बघू नका, पण कडेला काळं पडतंय का ते रोज बघा. काळं पडलं की संपलं. मी चष्मा पुसून पुसून बघतो. अजून तरी नाही.

आज बोलता बोलता मध्येच गप्प झाली. मला वाटलं फोन कटला. हॅलो हॅलो करत राहिलो. "आहे मी, बाबा. बोला ना." काय बोलू? वांग्याला फूल आलंय ते सांगितलं. लिफ्ट बंद होती ते सांगितलं. खालच्या गुप्ताजींनी मीटिंगमध्ये टँकरवरून कसा तमाशा केला ते आवाज काढून सांगितलं. खूप हसली. मला असं बोलता येतं हे मलाच माहीत नव्हतं.

२० फेब्रुवारी

एक गोष्ट लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार.

पाच वाजल्यापासून मला आठचे वेध लागतात. दाढी करतो. फोन चार्ज आहे ना बघतो. दिवसभरात काय घडलं ते आठवून ठेवतो, म्हणजे सांगता येईल. काही घडलं नसेल तर खाली जाऊन येतो, काहीतरी घडायला. नीला गेल्यानंतर या घरात मी एवढं कधी बोललो नाही.

आणि आज टाकीपुढे बसलो असताना मनात आलं — बरी हो, पण सावकाश हो. लगेच उठलो. स्वतःची लाज वाटली. ती तिकडे काळजीने अर्धी झालीये आणि मी इकडे हे असले हिशेब करतोय!

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी छत्रीवर पातळ पापुद्रा सुटलेला दिसला. सुकलेल्या डिंकासारखा. पंपाच्या लाटेने हलत होता. समृद्धी म्हणाली, चांगलं लक्षण आहे, ओढू नका, आपोआप जाऊ दे.

दुपारपर्यंत निम्मा गेला. मासे त्याचे तुकडे खायला धावले, थू करून परत फिरले.

२४ फेब्रुवारी

छत्री सरळ झाली! बोटं अजून आत आहेत, पण ठिपके दिसतात, पुळीसारखे. समृद्धीला दाखवलं. तिचे डोळे भरलेले दिसले, नाहीतर फोनचा उजेड असेल.

मग म्हणाली, "चला, उघडली की सुटलात तुम्ही बाबा. रोज रोज माझ्या फोनची कटकट नको. मग रविवारीच करत जाईन पहिल्यासारखा."

"हो," म्हटलं. "तुलाही अभ्यास असेल."

"हो ना. प्रॅक्टिकल्स आहेत."

एवढंच. फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. सुकट गरम केलेली तशीच झाकून ठेवली.

२६ फेब्रुवारी

काही नवीन नाही. दोन बोटं बाहेर आलीत की काय असं वाटलं. फोनवर बोललो नाही त्याबद्दल. खात्री नव्हती म्हणून.

२७ फेब्रुवारी

उघडली.

सकाळी दिवा लागला आणि मी चहा घेऊन आलो तर पूर्ण छत्रीभर बोटं बाहेर, सगळी एका दिशेला झुकून हलताहेत. रंगही परत आलाय. कप हातातच थंड झाला. देवघरात जाऊन दिवा लावला. घरभर फिरलो. कुणालातरी सांगायचं होतं. वहिनीला फोन लावला, तिने उचलला नाही.

आठला समृद्धीचा फोन. मीच तिला आधी मेसेज टाकून ठेवलेला — नेट चालत नाही, साधाच फोन कर.

"काय म्हणते अळंबी?"

"अजून मिटलेलीच आहे," म्हटलं.

तोंडातून निघून गेलं असं लिहिणार होतो. खोटं आहे ते. दुपारपासून ठरवलेलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

संदेश आला. ठाण्यात कुणाची टाकी बसवायची होती, जाता जाता इकडे. पाणी तपासलं, तांबं जवळजवळ गेलंय म्हणाला. अळंबी बघून खूश. "काय काका, जादू केलीत." मोबाइलवर फोटो काढला, चहा नको म्हणाला, गेला.

आठ वाजता: "अजून मिटलेलीच का बाबा?"

"हो गं."

"हं," म्हणाली. मग मेसमध्ये माशाला खोबरेल तेलात कसं तळतात, पहिल्या दिवशी तिला कसं नको झालेलं, आता कशी सवय झालीये, हे सगळं सांगत बसली. किती दिवसांनी एवढं बोलली. आणि मी बसलोय फुललेल्या अळंबीसमोर.

१ मार्च

"मिटलेलीच?" "हो." तिने धीर दिला मला. मला!

२ मार्च

होळी. वहिनीचा सकाळपासून तिसऱ्यांदा फोन. "भावजी, पोळ्या झाल्यात, दादा वाट बघतात, येताव ना?" मी म्हटलं, येतो, पण साडेआठनंतर. "होळी का तुमच्यासाठी थांबून राहणार?" फोन आपटला.

आठला समृद्धी. होळीच्या शुभेच्छा दिल्या. "तुम्ही गावठाणात नाही गेलात?" विचारलं. म्हटलं, अळंबीला सोडून कुठे जाऊ. तिकडे होळी नसते म्हणाली, कॉलेज चालू होतं. मग विचारलं, वहिनीने पोळ्या केल्या असतील ना, तांदळाची खीर पण असेल. मी गेलोच नाही तर काय सांगणार? तरी रंगवून सांगितलं, दरवर्षीचं.

गेलो तोवर होळी पेटून खाली बसलेली. दादाने नारळ हातात दिला.

३ मार्च

दिवसभर बाहेर रंग, दार लावून बसलो.

असं किती दिवस चालवणार? ती उद्या म्हणेल, बाबा, मी येते. परीक्षा सोडून येईल, तिचा स्वभाव आहे तो. आणि दारातून आत पाऊल टाकताच काय बघेल? पोरीला कधी खोटं बोलू दिलं नाही मी. शाळेत असताना एकदा प्रगतिपुस्तक लपवलेलं तर दोन दिवस बोललो नव्हतो तिच्याशी. आता मी काय करतोय?

सांगायचं. रविवारची दहा मिनिटं तर दहा मिनिटं. आधीही जगतच होतो.

आज मात्र नाही सांगितलं. उद्या.

४ मार्च

सांगून टाकलं. उघडलीये म्हटलं, शुक्रवारपासून, मी खोटं बोलत होतो.

"माहितीये बाबा. शनिवारी संदेशदादाच्या स्टेटसला फोटो होता. आपली टाकी ओळखते मी."

मग रोज विचारत का होतीस?

म्हणाली, "इकडे माझ्याशी मराठीत बोलायला दुसरं कोण आहे?"

मी म्हटलं, "समृद्धी, अजून मिटलेलीच आहे ती. उद्या आठला कर."